पालकाचा हिरवा रंग काय सांगतो आणि काय सांगत नाही

पुण्याच्या महात्मा फुले मंडईत किंवा कोपऱ्यावरच्या भाजीच्या गाडीवर पालक घेताना हात आपसूक गडद हिरव्या, रुंद पानांच्या, टवटवीत जुडीकडे जातो. शेजारीच लहान पानांची, थोडी फिकट जुडी असते आणि ती दिवस उतरेपर्यंत तशीच पडून राहते. गडद हिरवी भाजी म्हणजे भरपूर लोह, अशी आपल्या घरांमध्ये पक्की समजूत आहे. गच्चीवर पालेभाज्या लावू लागल्यापासून माती आणि खते यांच्याबद्दल मी जे वाचले आणि स्वतः करून पाहिले, त्यावरून ही समजूत अर्धीच खरी आहे असे माझे मत झाले आहे. पानाच्या गडदपणावरून सर्वांत आधी कळते ते एवढेच, की या रोपाला नत्र, म्हणजे नायट्रोजन, भरपूर मिळाले आहे. त्या नत्रामुळे काही पोषकद्रव्ये वाढतात, काही घटतात आणि काहींना त्याचा फारसा स्पर्शही होत नाही. यांतले काय वाढते आणि काय घटते हे नीट समजले, तर भाजी निवडताना आणि पिकवतानाही त्याचा उपयोग होतो.

पालकाच्या १०० ग्रॅम पानांत सुमारे ९० ग्रॅम पाणीच असते. उरलेल्या १० ग्रॅमांत तंतू, प्रथिने, थोडी साखर, क्षार आणि जीवनसत्त्वे सामावलेली असतात. यांपैकी जीवनसत्त्वे पान स्वतः घडवते. सूर्यप्रकाशाच्या बळावर हवा आणि पाणी यांपासून जी साखर तयार होते, तिच्यातूनच पुढे क जीवनसत्त्व बनते; बीटा-कॅरोटीन आणि के जीवनसत्त्व ही प्रकाश शोषून घेणाऱ्या यंत्रणेचाच भाग असल्यामुळे हरितद्रव्याच्या सोबतीने वाढतात. लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि जस्त मात्र कोणतेही पान तयार करू शकत नाही. मातीत होते, त्यातले मुळांना उचलता आले आणि पानापर्यंत पोहोचले, तेवढेच आपल्या ताटात येते. म्हणूनच ‘खताने भाजीचे पोषण वाढते का’ या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. कोणते खत, कोणते पोषकद्रव्य आणि किती ऊन, हे सांगितल्याशिवाय उत्तर सुरूच होत नाही.

रंग आणि लोह यांची गल्लत कशी होते, तेही येथेच पाहू. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो आणि त्याला धरून नत्राचे चार अणू असतात. लोह त्या रेणूत नसतेच. हरितद्रव्य तयार होण्याच्या प्रक्रियेत लोहाची गरज असते, त्यामुळे लोह अगदी कमी पडले तर कोवळी पाने पिवळी पडतात. पण ती गरज एकदा भागली, की त्यापुढचा गडदपणा नत्राचा असतो. दोन जुड्यांपैकी गडद जुडीत बीटा-कॅरोटीन जास्त असण्याची शक्यता बरीच आहे. तिच्यात लोहही जास्त आहे, असे मात्र नुसत्या रंगावरून म्हणता येत नाही.

आता नत्राचा प्रवास जरा सावकाशीने पाहू, कारण या विषयाची सगळी गुंतागुंत तिथेच आहे. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणजे ४५ किलोच्या एका गोणीतून २०.७ किलो नत्र जमिनीत जाते. युरिया मातीत पडला आणि ओल मिळाली, की काही दिवसांतच त्याचे अमोनियममध्ये रूपांतर होते आणि नंतर मातीतले जिवाणू अमोनियमचे नायट्रेट करतात. हे नायट्रेट पाण्यात सहज विरघळते आणि पाण्याबरोबरच मुळांवाटे वर चढते. पानात पोहोचल्यावर त्याचा थेट उपयोग नसतो. ‘नायट्रेट रिडक्टेज’ नावाचे विकर (एन्झाइम) आधी त्याचे नायट्राइट करते, पुढे त्याचे पुन्हा अमोनियम होते, त्यापासून अमिनो आम्ले बनतात आणि शेवटी प्रथिने व हरितद्रव्य तयार होते.

पानाला एक जाते समजावे. नायट्रेट हे धान्य, विकर हे जाते आणि ते फिरवणारा हात म्हणजे सूर्यप्रकाश. मातीतून धान्य येत राहिले आणि ऊनही चांगले असले, तर दळण वेळच्या वेळी होते आणि पीठ, म्हणजे प्रथिने, तयार होत जाते. आभाळ भरून आले की जाते मंदावते, पण मुळांचे काम थांबत नाही. धान्य येतच राहते. पान ते न दळलेले धान्य पेशींच्या आतल्या पोकळीत, जणू कणगीतच, साठवून ठेवते. देठाला आणि जाड शिरांना ही साठवण सर्वांत जास्त असते, पानाच्या पातळ भागात ती बरीच कमी असते. या जात्याला मॉलिब्डेनम नावाच्या धातूचा अगदी सूक्ष्म खुंटा लागतो. जमिनीत तो कमी पडला, तर नत्र देऊनही दळण अडूनच राहते.

हे पुस्तकात वाचून मला जेवढे समजले नव्हते, तेवढे गच्चीवर समजले. माशांच्या टाक्यांचे सामान विकणाऱ्या दुकानांत पाण्यातले नायट्रेट तपासण्याच्या कागदी पट्ट्या मिळतात. पालकाचे देठ चिरून खलबत्त्यात कुटावेत, फडक्यातून पिळून रस काढावा आणि एक चमचा रस इन्व्हर्टरमध्ये घालतात त्या डिस्टिल्ड पाण्याच्या वीस चमच्यांत मिसळून त्यात पट्टी बुडवावी. पाणी न मिसळता पट्टी बुडवली तर ती सरळ गडद जांभळट होते आणि फरक काहीच दिसत नाही. पहिल्या खेपेला माझे असेच झाले होते. जुलै महिन्यात, चार दिवस सूर्यदर्शन झालेले नसताना, सकाळी सात वाजता कापलेल्या देठांच्या रसाने पट्टीवरचा चौकोन एका मिनिटात गर्द गुलाबी झाला. त्याच कुंडीतल्या पानांच्या पातळ भागाचा रस घेतला, तेव्हा रंग स्पष्टपणे फिका आला. पुढे जानेवारीत, निरभ्र आकाश असताना, तसाच पालक सायंकाळी पाच वाजता कापला, तेव्हा देठाच्या रसाचाही रंग फिकट गुलाबीवरच थांबला. पट्टीवरून नेमका आकडा सांगता येत नाही, ती रंगाची छटाच दाखवते. तरीही दिवसभर जाते फिरले की कणगी रिकामी होते, ही गोष्ट डोळ्यांना दिसणे वेगळे आणि वाचणे वेगळे.

युरोपीय संघाचे नियम पाहिले, तर प्रकाशाचा हा परिणाम कायद्यातही उतरलेला दिसतो. तिथे ताज्या पालकासाठी नायट्रेटची कमाल मर्यादा किलोमागे ३५०० मिलिग्रॅम आहे. लेट्यूससाठी मात्र ऋतू आणि जागा पाहून वेगवेगळ्या मर्यादा आहेत: उन्हाळ्यात उघड्यावर पिकवलेल्या लेट्यूसला ३०००, तर हिवाळ्यात आच्छादनाखाली पिकवलेल्याला ५०००. उत्तर युरोपच्या अंधाऱ्या हिवाळ्यात काचघरातल्या पानांमधले नायट्रेट कमी ठेवणे शेतकऱ्याच्या पूर्णपणे हातात नसते, हे त्या नियमांनी मान्य केले आहे.

आपल्याकडचा अंधारा ऋतू हिवाळा नसून पावसाळा आहे. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये आठवडेच्या आठवडे ऊन पडत नाही, पाण्याची रेलचेल असते, आणि वाहून गेलेले नत्र भरून काढण्यासाठी वरखताचा हप्ताही याच काळात पडतो. परिणामी पाने मोठी, पातळ, पाणीदार आणि नायट्रेटने भरलेली होतात, तर क जीवनसत्त्व कमी राहते. क जीवनसत्त्वाचे कारण समजून घेण्याजोगे आहे. प्रखर उन्हात पानावर गरजेपेक्षा जास्त प्रकाश पडतो आणि त्या जादा ऊर्जेपासून पेशींना इजा होऊ शकते. तिच्यापासून बचाव करण्यासाठी पान क जीवनसत्त्व वाढवते. सावलीतल्या पानाला त्याची तेवढी गरज पडत नाही. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री चांगला गारठा असतो. गारठ्यात वाढ संथ होते, पाने जाड होतात, त्यांत साखर आणि क जीवनसत्त्व साठते. थंडीतल्या पालकाला आणि मेथीला जी चव असते, तिच्यामागे हेच कारण आहे.

उन्हाळ्यात कोथिंबीर टिकवण्यासाठी अनेक शेतकरी तिच्यावर शेडनेट घालतात. त्याशिवाय एप्रिल-मेमध्ये ती उगवणे आणि टिकणे अवघड असते, त्यामुळे यात गैर काहीच नाही. सावलीत नत्राची मात्रा मात्र उघड्या रानापेक्षा कमी ठेवायला हवी, कारण ऊन कमी असताना जास्तीचे नत्र दळले जात नाही. जाळीखाली नत्र वाढवले की कोथिंबीर लांब आणि लुसलुशीत दिसते, पण वजन वाढते ते पाण्याचे.

नायट्रेटला घाबरावे का, हा प्रश्न येथे येणारच. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे दररोज ३.७ मिलिग्रॅम नायट्रेट ही स्वीकारार्ह मात्रा धरली आहे, म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला साधारण २२० मिलिग्रॅम. किलोमागे २५०० मिलिग्रॅम नायट्रेट असलेला पालक १०० ग्रॅम खाल्ला, तर तेवढ्यानेच ही मात्रा ओलांडली जाते. असे असूनही २००८ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने सर्व बाजू तपासून असा निष्कर्ष काढला, की भाज्या खाण्याचे फायदे या धोक्यापेक्षा मोठे आहेत. नायट्रेटपासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होते आणि त्याने रक्तदाब थोडा उतरण्यास मदत होते. शिवाय भाजीतलेच क जीवनसत्त्व नायट्राइटपासून घातक संयुगे बनण्यास अटकाव करते. माझ्या मते निरोगी मोठ्या माणसाने या कारणासाठी पालेभाजी कमी करणे चुकीचे ठरेल. तान्ह्या बाळांची गोष्ट वेगळी आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्तात नायट्राइटमुळे प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटू शकते, त्यामुळे पालक उकडलेले पाणी त्याला पौष्टिक म्हणून पाजू नये. भाजी उकडताना नायट्रेट त्या पाण्यातच उतरते. शिजवलेला पालक तासन्‌तास बाहेर ठेवला, तर जिवाणू नायट्रेटचे नायट्राइट करू लागतात, म्हणून उरलेली भाजी लगेच फ्रिजमध्ये ठेवावी.

नत्राची मात्रा वाढत गेली की पानात नेमके काय बदलते, हे आता एकत्र पाहता येईल. प्रथिने आणि बीटा-कॅरोटीन वाढतात, रंग गडद होतो, उत्पादन वाढते. दुसरीकडे, साखरेचा मोठा वाटा नवी पाने आणि प्रथिने उभारण्यात खर्च होतो, पानांची गर्दी वाढून खालच्या पानांवर सावली पडते आणि क जीवनसत्त्वाचे प्रमाण घसरते. मातीतून येणारी खनिजे पातळ होतात, असेही म्हणता येईल: मुळांनी उचललेले जस्त किंवा लोह तेवढेच राहिले आणि पाला दीडपट झाला, तर प्रत्येक जुडीच्या वाट्याला ते कमी येते. आमटीत ऐनवेळी आलेल्या पाहुण्यांसाठी पाणी वाढवावे, तसा हा प्रकार आहे. टेक्सास विद्यापीठातील डोनाल्ड डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये अमेरिकेतल्या ४३ भाज्या-फळांच्या १९५० आणि १९९९ सालच्या शासकीय नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा प्रथिने, कॅल्शियम, फॉस्फरस, लोह, ब-२ आणि क जीवनसत्त्व या सहा घटकांत घट आढळली. जमीन निकस झाली एवढ्यावरून ती घट समजत नाही. जास्त उत्पादन देणाऱ्या जाती निवडताना पोषणाकडे लक्ष दिले गेले नाही, हे कारण त्यांना अधिक पटले होते.

पालकाच्या बाबतीत आणखी एक घटक ध्यानात घ्यावा लागतो, तो म्हणजे ऑक्झॅलेट. पालक खाल्ल्यावर दातांना जो आंबूस, खरखरीत स्पर्श जाणवतो, तो याचाच. ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. पालकातले जेमतेम पाच टक्के कॅल्शियम शरीरात शोषले जाते, दुधातले मात्र पाव हिश्श्याहून अधिक. रोपाला नत्र नायट्रेटच्या रूपात मिळते तेव्हा पान ऑक्झॅलेट जास्त बनवते आणि अमोनियमच्या रूपात मिळते तेव्हा कमी, हे प्रयोगांतून दिसलेले आहे. पण आपल्या उबदार जमिनीत अमोनियम फार दिवस टिकत नसल्याने शेतकऱ्याच्या हाती यातले थोडेच उरते. जाता जाता सांगायला हवे, की आपल्याकडे पालक म्हणून विकली जाणारी भाजी बहुतेक ठिकाणी बीटच्या जवळची वनस्पती आहे. ‘ऑल ग्रीन’ ही सर्वपरिचित जातही त्यातलीच. युरोप-अमेरिकेतला ‘स्पिनच’ वेगळा असतो, त्यामुळे तिथले आकडे आपल्या जुडीला जसेच्या तसे लावू नयेत.

खनिजांचा हिशेब जमिनीपासून सुरू होतो. पुण्याभोवतीच्या जमिनी बेसाल्ट खडकापासून बनलेल्या आहेत आणि त्या खडकात लोह विपुल आहे. असे असूनही चुनखडीच्या रानात मेथी-कोथिंबिरीवर केवडा पडलेला दिसतो: कोवळी पाने पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. जमिनीचा सामू (पीएच) आठच्या वर गेला आणि मोकळा चुना जास्त असला, की लोह अशा रूपात अडकते, जे मुळांना उचलता येत नाही. घरात धान्याची कोठी भरलेली आहे, पण कुलपाची किल्ली हरवली आहे, अशी ती स्थिती. अशा रानात युरिया वाढवून रंग परत येत नाही. हिराकशीची, म्हणजे फेरस सल्फेटची फवारणी पानांवर केली, तर आठ-दहा दिवसांत फरक पडतो, आणि हिराकस शेणखतात मुरवून दिली तर ती जमिनीत लगेच अडकून पडत नाही. मात्र लोह वाढवून दिले म्हणून पानातले लोह त्याच प्रमाणात वाढत राहील, असे घडत नाही. लोह जास्त झाले तर ते रोपालाच घातक असते, त्यामुळे त्याचे शोषण रोप आवरून धरते.

जस्ताचे तसे नाही. देशभरात तपासलेल्या मातीच्या नमुन्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक नमुन्यांत जस्त कमी आढळले आहे आणि जिथे ते खरोखर कमी आहे, तिथे झिंक सल्फेट दिल्यावर पानातले जस्तही वाढते. येथे एका खताचे दुसऱ्याशी असलेले वैर आड येते. भाजीपाल्याला दर पिकामागे डीएपी हे नत्र-स्फुरदाचे खत टाकण्याची सवय असलेल्या रानांत स्फुरद (फॉस्फरस) साठत जाते आणि जास्तीचे स्फुरद रोपाला जस्त उचलू देत नाही. पालाश (पोटॅश) जास्त झाले तर मॅग्नेशियम आणि कॅल्शियम मागे पडतात. खताच्या गोणीवर न लिहिलेली ही वजाबाकी माती परीक्षणाशिवाय कळत नाही. २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत जमिनीचे बारा गुणधर्म नोंदलेले असतात. त्यांतला नत्र, स्फुरद, पालाश हा वरचा भाग शेतकरी पाहतात, पण भाजीच्या पोषणाच्या दृष्टीने मला खालच्या ओळी, म्हणजे जस्त, लोह, गंधक, सामू आणि सेंद्रिय कर्ब, जास्त मोलाच्या वाटतात. माणसाला लागणारे आयोडीन आणि सेलेनियम रोपाला स्वतःसाठी लागत नाहीत. ती जमिनीत असली तर पानात येतात, नसली तर रोप त्यांच्यावाचूनही उत्तम वाढते आणि कमतरतेची कोणतीच खूण पानावर उमटत नाही.

मग सेंद्रिय भाजी जास्त पौष्टिक असते का? मुळांपर्यंत पोहोचलेले नायट्रेट शेणातून आले की युरियातून, हे रोपाला ओळखता येत नाही. फरक पडतो तो वेगामुळे. चांगल्या शेणखतात साधारण अर्धा टक्का नत्र असते. युरियाच्या एका गोणीइतके नत्र द्यायचे, तर चार टनांहून अधिक शेणखत लागेल आणि त्यातलेही सगळे पहिल्या हंगामात मिळणार नाही. नत्र असे थोडे-थोडे सुटत असल्यामुळे पाने संथ वाढतात, नायट्रेट कमी साठते आणि क जीवनसत्त्व टिकून राहते. शेणखत आणि गांडूळखत यांनी सेंद्रिय कर्ब वाढतो, ओल टिकते आणि चुनखडीच्या जमिनीत अडकलेले लोह-जस्त काही अंशी सुटते, हा त्यांचा लाभ मला नत्रापेक्षाही मोठा वाटतो. पण ताजे कोंबडखत भरमसाट टाकले, तर सेंद्रिय म्हणवणाऱ्या पालकातही नायट्रेट भरपूर साठेल, कारण कोंबडखतात नत्र जास्त असते आणि ते लवकर सुटते. विक्रेत्याने ‘सेंद्रिय’ म्हटल्यावर मी म्हणूनच पुढचा प्रश्न विचारतो: कोणते खत, आणि कापणीच्या किती दिवस आधी?

पुण्यात आता पाण्यावर वाढवलेले लेट्यूस आणि पालकही मिळतात. तिथे माती नसल्यामुळे पोषणद्रावणात जे घातले, तेच पानात येते. लोह-जस्त अचूक देता येते, आणि नायट्रेट कमी करणेही सोपे असते: कापणीआधी काही दिवस द्रावणातले नायट्रेट काढून घेतले, की पान साठा वापरून टाकते. ही काळजी घेतली जाते की नाही, यावर त्या भाजीची प्रत ठरते.

हिरवेपणाने सर्वांत मोठी फसगत होते ती सांडपाण्यावरच्या भाजीत. शहराचे सांडपाणी नदीत मिसळते आणि नदीच्या खालच्या अंगाला त्याच पाण्यावर भाजी पिकते. सांडपाण्यात नत्र आणि स्फुरद भरपूर असल्यामुळे ही भाजी विनाखताची हिरवीगार दिसते. त्याच पाण्यात कारखान्यांचे आणि वाहनांच्या धुण्याचे पाणी आले, तर कॅडमियमसारखे जड धातूही असतात आणि फळभाज्यांपेक्षा पालेभाज्या ते जास्त साठवतात. पानांवर बसलेली धूळ आणि तिच्यातले शिसे धुण्याने बरेचसे जाते. मुळांवाटे पानाच्या आत गेलेले कॅडमियम कितीही धुतले तरी जात नाही. यात दोष त्या शेतकऱ्याचा नाही, त्याच्या वाट्याला जे पाणी येते ते त्याने निवडलेले नसते. पण भाजी कुठल्या पाण्यावरची आहे, हे विचारण्याचा आणि कळण्याचा हक्क घेणाऱ्याला असायला हवा, असे मला मनापासून वाटते.

खताइतकाच फरक भाजीच्या निवडीनेही पडतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम पालकात सुमारे ३ मिलिग्रॅम लोह आणि ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. मेथीत लोह साडेपाच मिलिग्रॅमच्या पुढे आणि क जीवनसत्त्व ५८ च्या आसपास. हिरव्या माठात क जीवनसत्त्व ८० मिलिग्रॅमहून अधिक. कॅल्शियममध्ये तर पालकाचे सुमारे ८२ आणि माठाचे सुमारे ३३० मिलिग्रॅम असा फरक आहे, अर्थात माठातही ऑक्झॅलेट असते. माठ, तांदुळजा आणि राजगिरा यांची प्रकाशसंश्लेषणाची पद्धत उष्ण हवेला मानवणारी आहे. एप्रिल-मेच्या उन्हात पालकाला दांडा सुटतो आणि पाने राठ होतात, तेव्हा तांदुळजा जोमात वाढत असतो. मेथी ही शेंगवर्गीय असल्याने तिच्या मुळांवरच्या गाठींत जिवाणू हवेतले नत्र बांधतात, त्यामुळे तिला युरिया फारसा देण्याची गरज नसते. ऋतूच्या उलट जाऊन पिकवलेल्या भाजीला खताचा आणि सावलीचा आधार द्यावा लागतो आणि पोषणाचे गणित तिथेच बिघडू लागते.

गच्चीवर किंवा परसात पालक लावणाऱ्यांनी नत्र एकदम न देता प्रत्येक कापणीनंतर थोडे-थोडे द्यावे आणि पुढच्या कापणीआधीचा शेवटचा आठवडा-दहा दिवस काहीच देऊ नये. सलग ढगाळ दिवस असतील, तर तो हप्ता सरळ पुढे ढकलावा. रोपांची गर्दी विरळ ठेवली, तर खालच्या पानांनाही ऊन मिळते. कापणी सायंकाळी करावी. दिवसभराच्या उन्हाने नायट्रेट खाली आलेले असते आणि साखर वर गेलेली असते. पहाटेच्या बाजारासाठी माल भरणारे अनेक शेतकरी आदल्या दुपारनंतरच कापणी करतात, त्यामुळे ही वेळ त्यांच्याही सोयीची आहे. यापुढचा प्रवास मात्र क जीवनसत्त्वाला मारक असतो. पान कापल्यावरही श्वसन चालू राहते, उष्ण हवेत त्याचा वेग वाढतो आणि दोन-तीन दिवस बाहेर राहिलेल्या पालकातले क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात नष्ट झालेले असते. वरून पाणी मारून जुडी ताजी दिसते, गेलेले जीवनसत्त्व त्याने परत येत नाही. घरी आणलेली जुडी न धुता कोरड्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवावी, चिरण्याआधी धुवावी, फार जाड देठ काढून टाकावेत आणि शक्यतो त्याच किंवा दुसऱ्या दिवशी ती शिजवावी.